‘बेसामे मूचो’ जुनं का होत नाही?

प्रश्न असा आला आहे: “मला स्पॅनिशचं एक अक्षर कळत नाही, तरी ‘बेसामे मूचो’ कुठे लागलं की हातातलं काम थांबतं. ऐंशी वर्षांपूर्वीचं गाणं अजून एवढं का चालतं? आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ते गिटारवर म्हणायचं मनात आहे. गिटार बेताची येते, लहानपणी तबला शिकलोय. सुरुवात कुठून करू?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे, म्हणून आधी पहिल्याकडे वळतो. हॉटेलांत आणि लग्नांत गिटार वाजवून मी पोट भरलं. त्या धंद्यात काही गाणी पाठ नसतील तर उभंच राहता येत नाही, आणि त्यांत हे गाणं बरंच वरच्या नंबरावर आहे. पाहुणा ब्राझीलचा असो, रशियाचा असो की डोंबिवलीचा, पहिल्या दोन ओळींत त्याची मान वळते. इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय की या गाण्याचे शब्द घाईत आहेत आणि चाल अजिबात घाईत नाही. शब्द म्हणतात, आजची रात्र शेवटची समज, उद्या मी कदाचित फार लांब असेन. चाल म्हणते, बस, सावकाश होऊ दे. या दोघांच्या ओढाताणीत ऐकणारा सापडतो आणि त्याला भाषा कळायची गरज उरत नाही. ज्यांनी हे गाणं चांगलं गायलं त्यांनी ही ओढाताण सांभाळली. बिघडवणारे बहुतेक जण दोघांपैकी एकाची बाजू घेतात.

गाणं कोन्सुएलो वेलास्केस या मेक्सिकन बाईंचं. शब्दही त्यांचे, चालही त्यांचीच. जन्म २१ ऑगस्ट १९१६, हलिस्को राज्यातल्या सिउदाद गुसमान या गावी. तालीम पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोची. मेक्सिको सिटीत एक्सईक्यू नावाच्या रेडिओ स्टेशनवर त्या पियानो वाजवायच्या आणि तिथेच लोकप्रिय गाण्यांच्या जगात ओढल्या गेल्या. हे गाणं १९४०च्या आसपासचं. तोवर आपलं कुणी चुंबन घेतलं नव्हतं, असं त्या पुढे मुलाखतींत सांगत. सांगोवांगीत ही गोष्ट इतकी रंगली की गाणं लिहिताना त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या असंही लोक लिहितात. जन्मसाल १९१६ धरलं तर हिशोब चोविशीच्या आसपास येतो. मला त्या वयात फार रस नाही. पण न घेतलेल्या अनुभवाचा मुद्दा मात्र गाणं उघडून पाहिलं की पटतो. ‘मला खूप चुंबनं दे’ असं नाव असलेल्या गाण्यात चुंबनाचं वर्णन कुठेच नाही. ओठ नाहीत, केस नाहीत, सुगंध नाही, चंद्रही नाही. डोळे तेवढे येतात, तेही ‘तुझ्या डोळ्यांत मला मी दिसू दे’ एवढ्यापुरते. बाकी सगळी भीती. हरवशील म्हणून भीती, लांब जावं लागेल म्हणून भीती.

आणि अख्खं गाणं दोनच कडव्यांचं. मुखडा दोनदा म्हणायचा, मग अंतरा, मग पुन्हा मुखडा, संपलं. म्हणणारा कोण, ऐकणारी कोण, गाव कुठलं, जाण्याचं कारण काय, काही सांगितलेलं नाही. म्हणणारा पुरुष आहे की बाई हेही शब्दांतून ठरत नाही, त्यामुळे दोघांनीही एक अक्षर न बदलता ते गायलं. रिकाम्या ठेवलेल्या या जागा ऐकणारा आपापल्या माणसांनी भरतो. आपल्याकडची टिकलेली भावगीतं आठवून बघा, तिथेही हाच गुण सापडेल. ज्यांत तपशिलांची गर्दी होती ती आपल्या काळाबरोबर गेली.

चालीचं मूळ शोधणारे थेट स्पेनला जातात. एन्रिके ग्रानादोस या स्पॅनिश संगीतकाराची ‘गोयेस्कास’ नावाची पियानोमालिका आहे, १९११ सालची. तिच्यात एक तरुणी आणि रातबुलबुल यांच्यावरचा एक हळवा तुकडा आहे. तो शांतपणे ऐकला तर ‘बेसामे मूचो’ची सावली स्पष्ट दिसते. पियानो शिकलेल्या मुलीच्या कानात ती रचना असणारच, आणि तिचा ठसा आपल्या गाण्यावर असल्याचं मान्यही केलं जातं. कुणी याला उचलेगिरी म्हणतं. मी नाही म्हणणार. ग्रानादोसचा तुकडा भटकतो, थबकतो, पक्ष्यासारखा फडफडतो. वेलास्केसबाईंनी त्यातला एक हेलकावा उचलला आणि त्याला नाचता येईल अशा चौकटीत बसवलं. ती चौकट त्यांची होती, आणि गाणं तगलं ते तिच्यामुळे. जाता जाता एक योगायोग: १९१६च्या मार्चमध्ये इंग्लिश खाडीत ‘ससेक्स’ या बोटीवर पाणतीर आदळला आणि त्यात ग्रानादोस व त्याची बायको दोघं गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इकडे हलिस्कोत कोन्सुएलोचा जन्म.

ती चौकट म्हणजे बोलेरो. इथे थोडं थांबायला हवं, कारण तुम्ही तबला शिकलेले आहात. स्पेनचा बोलेरो तीन मात्रांचा नाच आहे, त्याचा याच्याशी नावापुरता संबंध. आपला बोलेरो क्यूबाचा. सांतियागो दे क्यूबा शहरात पेपे सांचेस नावाचा एक गवई होता. १८८३च्या सुमाराला त्याने बांधलेलं ‘त्रिस्तेसास’ हे गाणं पहिला बोलेरो मानलं जातं. तिथून हा प्रकार समुद्र ओलांडून मेक्सिकोच्या युकातान भागात उतरला आणि पुढे राजधानीत पोचला. १९३० साली एक्सईडब्ल्यू हे जबरदस्त ताकदीचं रेडिओ स्टेशन सुरू झालं आणि बोलेरोला अख्खं स्पॅनिश बोलणारं जग मिळालं. आगुस्तीन लारासारखे संगीतकार घराघरांत गेले. रेडिओने आणखी एक केलं. माइक आला तसं गायकाला ओरडायची गरज राहिली नाही. एकाच माणसाच्या कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं, आणि बोलेरो हा तर कानाशी बोलायचाच प्रकार. आपल्याकडे रेडिओ आणि तबकड्यांनी भावगीताला जे दिलं तेच तिकडे बोलेरोला मिळालं, आणि काळही साधारण तोच. २०२३ साली युनेस्कोने क्यूबा आणि मेक्सिको या दोन्ही देशांच्या नावाने बोलेरो मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

ठेका चार मात्रांचा. बेस गिटार पहिल्या मात्रेवर एक लांब स्वर देते, दुसरी मात्रा तशीच जाऊ देते, मग तिसरी आणि चौथी वाजवते. डूम, (रिकामी), डूम, डूम. वर माराकासचा सारखा खुळखुळाट, बोंगोवर बोटांचं बारीक बडबडणं. ती दुसरी रिकामी मात्रा म्हणजे बोलेरोचा श्वास. नवा बेसवाला हमखास तिथे काहीतरी भरतो, कारण रिकाम्या जागेची भीती वाटते. भरली की नाचणाऱ्यांची पावलं अडखळतात. कारण कुणाला सांगता येत नाही, पण जोडपी एकेक करून खुर्चीकडे परततात. मी हे अनेक लग्नांत पाहिलंय.

आता चाल. पट्टी आपण डी मायनर धरू. बहुतेक जण त्यातच वाजवतात. आपल्या कानाला ओळखीचं नाव द्यायचं तर कीरवाणीच्या आसपासचा स्वरसमूह: कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. म्हणून हे गाणं आपल्या लोकांना परकं वाटतच नाही. पहिली हाक, म्हणजे ‘बेसामे, बेसामे मूचो’, डी मायनरवर, लगेच उतरायचं ते जी मायनरवर. पुढची ओळ ए सेव्हनला शिवून घरी येते. मग दुसरी हाक. शब्द तेच, पण आवाज वर चढलेला आणि खालची कॉर्ड (गिटारवर एकत्र वाजणारे स्वर) बदललेली. डी मायनरच्या जागी डी सेव्हन. म्हणजे सगळा वेळ कोमल असलेला गंधार इथे क्षणभर शुद्ध होतो. खिडकी उघडते आणि लगेच जी मायनरवर बंद होते. गिटार घेऊन बसा आणि ही एवढीच जागा दहा वेळा वाजवा. या क्षणी माणूस विनवणी सोडून थेट हट्टावर आलेला ऐकू येईल. कडव्याच्या शेवटाकडे ई सेव्हन येते, तिच्यात तीव्र मध्यम असतो. तो आला की पाय जमिनीवर राहत नाहीत, आणि मग ए सेव्हनवरून पुन्हा घरी. एवढ्या पाच कॉर्डांत काम होतं. जॅझवाले यात नाना कॉर्ड घुसवतात. घुसवू देत, पण मूळ पाचांनी पहिल्यांदा काय केलंय ते ऐकल्याशिवाय नको.

घाई आणि उसंत यांची ओढाताण चालीत नेमकी कुठे बसलीय ते आता सांगतो. ‘जणू आजची रात्र शेवटची’ अशा अर्थाची ओळ घ्या. तिची अक्षरं अशी पडतात: को-मो-सी, फुए-राएस-ता, नो-चे-ला, ऊल-ती-मा, बेस. तीन तीन अक्षरांचे गट, आणि प्रत्येक गट दोन मात्रांत. तबल्याचं शिक्षण इथे कामाला येतं: दोन मात्रांत तीन, म्हणजे सरळ सरळ आड. खाली ठेका चारांत चाललाय, पावलं चारांत पडतायत आणि वरचा माणूस तीन तीनने बोलतोय. त्यामुळे अक्षरं ठेक्यावर बसत नाहीत, त्याच्यावरून घरंगळतात. ठेका सोडून गातोय असं वाटतं आणि ‘बेस’ म्हणताना तो बरोबर जागेवर सापडतो. समेवर आल्याचं जे सुख आपल्याला ख्यालात होतं, त्याचंच हे धाकटं भावंड.

शिकणारे नव्वद टक्के इथेच घसरतात. आड पकडायचा कंटाळा करून अक्षरं सरळ मात्रांवर ठोकतात. को, मो, सी, टक, टक, टक. मग ते कवायतीचं गाणं होतं. उलट काही जण भावना ओतायच्या नादात सगळंच सैल सोडतात. ठेकाही थांबतो, शब्दही थांबतात, आणि आपण गझलेच्या बैठकीत येऊन पडतो. आड ही हिशोबाची गोष्ट आहे. ती हिशोबानेच पक्की करा. पायाने दोन, तोंडाने तीन. शब्द नकोत, नुसतं ‘धा धी ना’ म्हणा. ते चालतं झालं की स्पॅनिश अक्षरं आपोआप बसतात.

गाणं मेक्सिकोत चाललंच होतं, पण जगभर गेलं ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत प्रत्येक स्टेशनावर कुणीतरी कुणाला तरी निरोप देत होतं. सनी स्कायलर या अमेरिकन गीतकाराने इंग्रजी शब्द लिहिले आणि १९४४ साली जिमी डॉर्सीच्या ऑर्केस्ट्राची तबकडी, बॉब एबर्ली आणि किटी कॅलन यांच्या आवाजांत, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. गंमत अशी की ते इंग्रजी शब्द मूळ गाण्याच्या जवळ जात नाहीत. त्यात मिठीचा आनंद आहे, नव्या प्रेमाची नवलाई आहे. सोडून जाण्याची शंका अगदी शेवटच्या कडव्यात येते आणि तिथेही स्वप्नं पुरी होण्यावर गाडी थांबते. मूळ गाण्यात ती शंका दुसऱ्याच ओळीत दारात उभी असते. तरी लोकांनी ऐकताना स्वतःची भीती त्यात घातली, कारण चालीत ती शिल्लक होती. माझ्या मते स्कायलरचे शब्द सोडून द्यावेत. मंचावर इंग्रजीत गायचा आग्रह झाला तर मी पहिला मुखडा स्पॅनिशमध्येच घेतो.

मग एकेकाने ते आपापल्या परीने वाकवलं. १ जानेवारी १९६२ला बीटल्सनी लंडनला डेक्का या रेकॉर्ड कंपनीपुढे जी चाचणी दिली आणि ज्यात ते नापास झाले, तिच्यात हे गाणं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये ईएमआयच्या स्टुडिओत पुन्हा हेच. पॉल मॅकार्टनी गातोय, लय पळती, मध्येच ‘चा-चा-बूम’. अमेरिकेतल्या ‘द कोस्टर्स’ या गटाचा तो साचा होता. मला ते ऐकायला आवडतं, पण गाणं म्हणून नाही, चार पोरांची मस्ती म्हणून. शब्दांना घाई होतीच, त्यांनी चालीलाही पळवलं. मग ओढाताण कुठली उरायला?

याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला झोआव झिल्बेर्तो. १९७७च्या ‘आमोरोसो’ या तबकडीत या ब्राझिलियन माणसाने तेच गाणं आठ मिनिटांहून लांब खेचलंय. आवाज इतका खाली की शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं वाटावं. गिटारचा ठेका काटेकोर, आणि शब्द त्याच्या मागे मागे रेंगाळत, कधी मात्रा-दोन मात्रा उशिरा. इतकं सावकाश की आता तुटेल असं वाटतं. तुटत नाही, कारण त्याचा अंगठा हलत नाही. गिटार शिकणाऱ्याने याचा उजवा अंगठा कानाने शोधावा. वेस माँटगोमेरी या अमेरिकन जॅझ गिटारवाल्याने १९६३ला गिटारवर हेच तीनच्या अंगाने वाजवलंय. तेही ऐका, पण नक्कल करायला जाऊ नका, त्याचा अंगठा वेगळ्याच जातीचा होता.

गाणाऱ्यांत माझी निवड विचाराल तर सेझारिया एव्होरा. केप व्हर्डे बेटांवरची बाई, आयुष्य तिथली ‘मोर्ना’ ही संथ, विरहाची गाणी गाण्यात गेलं. अल्फोन्सो क्वारोन या मेक्सिकन दिग्दर्शकाने १९९८च्या आपल्या चित्रपटात तिचा ‘बेसामे मूचो’ वापरला. तिच्या गाण्यात लाडीगोडी नावाला नाही. ती मागत नाही, आठवण करून देते. तरुण माणसाच्या तोंडी जे आर्जव वाटतं ते तिच्या वयाच्या बाईच्या तोंडी व्यवहाराची गोष्ट होते: बाबा रे, लोक जातात, म्हणून आत्ता. लुईस मिगेल या मेक्सिकन गायकाने १९९७ला आपल्या बोलेरोंच्या तबकडीत घेतलं ते झुळझुळीत आहे, वाद्यवृंद उत्तम, आवाजाला तोड नाही. पण ऐकताना हा माणूस उद्या कुठेही जाणार नाही अशी खात्री वाटते.

रशियन लोकांचा अनुभव मला गोव्यात आला. हिवाळ्यात उत्तर गोव्यातली हॉटेलं त्यांनी भरलेली असायची. इंग्रजी गाण्यांना ते शांत बसत आणि ‘बेसामे मूचो’ला टेबलावरून सोबत गात. स्पॅनिशमध्ये. एका बाईंनी खुणेने लय कमी करायला सांगितली, मी केली, मग आणखी कमी. मग त्या उठून नवऱ्याला घेऊन नाचायला आल्या. मला तेव्हा कोडं पडलं होतं की हे गाणं यांच्या इतकं आतलं कसं. सोव्हिएत काळात ते तिकडे फार लोकप्रिय होतं, आणि ‘मॉस्को अश्रूंवर विश्वास ठेवत नाही’ या १९८०च्या, ऑस्कर मिळालेल्या रशियन चित्रपटातही ते आहे. म्हणजे मेक्सिकन बाईंचं गाणं त्यांच्यासाठी आपल्या आईवडलांच्या तरुणपणाचं गाणं. त्यात मेक्सिको औषधालाही नाही.

आपल्या मुंबईशी या गाण्याच्या जगाचा धागा गोव्याच्या वादकांमधून येतो. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांत व्हायोलिन आणि नोटेशन शिकलेले हे लोक मुंबईच्या हॉटेलांत रात्री रुम्बा, बोलेरो, चा-चा वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. अंतोनियो वाझ, ज्याला मुंबई ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखायची, तो ट्रम्पेटवाला आणि आपले सी. रामचंद्र ही जोडी प्रसिद्ध आहे. ‘समाधी’तलं १९५०चं ‘गोरे गोरे’ सरळ एका अमेरिकन लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून आलं. पारशी असलेल्या कावस लॉर्ड यांनी बोंगो, काँगा ही वाद्यं हिंदी गाण्यात रुळवली. तेव्हा तुमच्या आजीने स्पॅनिश बोलेरो कधी ऐकला नसेल, पण त्याचा ठेका तिने बिनाकापासून ऐकलाय. गोव्याचा मांडोही इथे आठवतो. संथ, बहुधा मायनर, विरहाचा, दोन रांगांत नाचायचा. मांडो आणि बोलेरो यांचं थेट नातं नाही, पण मडगावच्या एखाद्या घरात जेवणानंतर एकामागून एक दोन्ही गायले गेले तर कुणाला सांधा जाणवत नाही.

आता तुमचा कार्यक्रम.

डी मायनरमध्ये वाजवायला गेलात तर जी मायनरची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची) हाताला त्रास देईल. बेताच्या हाताने ए मायनरच्या आकारांत वाजवावं: ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन, ए सेव्हन, बी सेव्हन. सगळ्या उघड्या कॉर्ड. मग कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवरचा चिमटा, लावून गळ्याप्रमाणे वर न्या. पट्टी पहिल्या ओळीवरून ठरवू नका, ती खालची असल्यामुळे सगळ्यांना सोपी वाटते. मुखड्यातली दुसरी हाक आणि अंतऱ्याची सुरुवात आधी गाऊन बघा. तिथे गळा ताणत असेल तर खाली या. घरच्या कार्यक्रमात ताणलेला आवाज लगेच कळतो.

उजव्या हाताने झोडू नका. अंगठ्याने एक, तीन, चार, आणि दुसऱ्या मात्रेला बोटांनी वरच्या तारा हलक्या उचला. शक्य असेल तर नायलॉन तारांची गिटार घ्या. लोखंडी तारांवर हे गाणं कर्कश होतं. मेक्सिकोतली त्रिकुटं, म्हणजे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या ‘लोस पांचोस’च्या धर्तीची, दोन साध्या गिटारी आणि एक रेकिंतो वापरतात. रेकिंतो म्हणजे सा ते म इतकी वर लावलेली छोटी गिटार, तीही त्याच त्रिकुटातल्या आल्फ्रेदो हिलने रुळवलेली. सोबतीला कुणी भाऊ-मित्र असेल तर त्याला कॅपो वर लावून दोन ओळींच्या मधल्या जागा भरायला सांगा. गाताना मात्र त्याने गप्प बसायचं. हे आधीच बजावून ठेवा, गिटारवाले ऐकत नाहीत.

तबला घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. केरवा लागला की गाणं पाच मिनिटांत मैफलीत जाऊन बसतं आणि तुम्ही नकळत हरकती घ्यायला लागता. माराकास नसतील तर बाटलीत मूठभर तांदूळ घालून बहिणीच्या हातात द्या, काम होतं.

उच्चारांत मराठी माणूस नशीबवान आहे. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे, इंग्रजी धाटणीचे ट आणि ड नकोत. स्वरही आपल्यासारखे स्वच्छ, ए म्हणजे ए, ओ म्हणजे ओ, ‘मूचोउ’ नाही. ‘मूचो’ आणि ‘नोचे’ मधला च चहातला, चमच्यातला नव्हे. ‘बेसामे’मध्ये जोर पहिल्या ‘बे’वर. लोक हटकून ‘सा’वर देतात आणि स्पॅनिश जाणणारा तिथेच हसतो. मेक्सिकन उच्चारात शेवटचा ‘बेस’ साध्या स ने संपतो, स्पेनसारखा थ ने नाही. मूळ मेक्सिकन असल्यामुळे हाच धरावा. कागदावर देवनागरीत लिहून घ्या, तीन तीन अक्षरांचे गट पाडून. रोमन लिपीत लिहिलंत की तोंड इंग्रजीकडे वळतं.

लय मिनिटाला ऐंशी-नव्वद ठोक्यांच्या आसपास. याहून हळू नेण्याची हिंमत झिल्बेर्तोला शोभते. सुरुवातीला चार मात्रांचा ठेका दोन वेळा नुसता वाजू द्या, लगेच गायला लागू नका. आईबाबांना उठून यायला तेवढा वेळ लागतो. आणि हो, मोठ्यांसमोर या शब्दांचा अर्थ कसा सांगायचा असा संकोच असेल तर अर्थ सांगूच नका. कुणी विचारलंच तर ‘उद्याचं माहीत नाही, आज जवळ ये’ एवढं पुरे. तेही खोटं नाही.

गातानाचा भाव म्हणाल तर चेहरा पाडू नका. वेलास्केसबाईंच्या बाकीच्या गाण्यांत त्यांचा स्वभाव दिसतो. त्यांचं ‘काचितो’ हे तर खेळकर, लाडाचं गाणं आहे. नॅट किंग कोलने ते गायलंय, जरूर ऐका. पुढे या बाई मेक्सिकोच्या संसदेत खासदारही झाल्या आणि २००५च्या जानेवारीत गेल्या. रडवेल्या कवयित्रीचं चित्र त्यांना बसत नाही. ‘बेसामे मूचो’ही रडून मागितलेलं नाही. त्यात एक ठामपणा आहे. सरळ उभं राहून, डोळ्यांत बघून मागितलेलं आहे ते.

शेवट कसा करायचा हा सगळ्यांचा प्रश्न असतो. सिनेमासारखी लय ओढत ओढत थांबवू नका. शेवटचा मुखडा संपला की शेवटची ओळ तेवढी पुन्हा एकदा घ्या, त्याच लयीत, आणि मायनर कॉर्डवर थांबा. मेजरवर संपवून गोड करायचा मोह काही जणांना होतो, तो टाळा. टाळ्यांनंतर ‘वन्स मोअर’ आला तर तेच गाणं लय वाढवून चा-चा करून वाजवा. कोस्टर्सचा साचा तेव्हा बिनदिक्कत वापरा. आड सोडून दिलीत तरी चालेल, कारण तोवर काका-मावश्यांना नाचायचं असेल आणि मात्रा मोजायला कुणी बसलेलं नसेल.